जुन्या टोपोशीटवरून मूळ गावाचा शोध : कुळावी मंडळींसाठी माहिती

श्रींचे दर्शन आटोपून देवस्थानच्या कार्यालयात येणारी कुळावी मंडळी बहुधा दोन गोष्टी विचारतात. एक अभिषेकाच्या पावतीविषयी आणि दुसरी आपल्या मूळ गावाविषयी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तत्काळ देता येते. दुसऱ्या प्रश्नाने मात्र आमचीही अनेकदा पंचाईत होते. कारवार, कुमठे, मंगळूर, बेळगाव, सावंतवाडी, मुंबई अशा ठिकाणी चार-सहा पिढ्या वास्तव्य केलेल्या घराण्याजवळ कुळदेवतेचे नाव, गोत्र, आडनाव आणि आजीने सांगितलेल्या एकदोन खुणा एवढेच उरलेले असते. 'घरासमोर तळी होती', 'मागे सडा होता', 'होडीने पलीकडे गेले की देव', अशा त्या खुणा. दस्तऐवजांत त्या क्वचितच सापडतात, कारण दस्तऐवज लिहिणाऱ्याला तळीशी किंवा सड्याशी कर्तव्य नसते. नकाशा काढणाऱ्याला असते. म्हणून गेली काही वर्षे आम्ही अशा मंडळींसमोर प्रथम कुळाची वही न उघडता जुना नकाशा उलगडतो. त्या अनुभवावरून ही माहिती संकलित केली आहे.

आपल्या अंत्रूज महालातील बहुतेक देवालयांची कथा भाविकांस ठाऊक आहेच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिसवाडी, साष्टी व बार्देश या महालांतील देवालयांचा विध्वंस आरंभिला, तेव्हा गावकऱ्यांनी देवाच्या मूर्ती व लिंगे नदीपलीकडे, त्या वेळी आदिलशाहीच्या अमलाखाली असलेल्या प्रदेशात हलविली. श्री मंगेश १५६० मध्ये कुठ्ठाळीहून प्रियोळास आले. श्री शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास, श्री महालसा वेर्ण्याहून म्हार्दोळास, श्री रामनाथ लोटलीहून बांदोड्यास, श्री कामाक्षी रायहून शिरोड्यास आली. देवाबरोबर काही कुटुंबे आली, काही मागे राहिली, काही समुद्रमार्गे दक्षिणेस गेली. आज ज्यास आपण मूळ गाव म्हणतो ते पुष्कळांच्या बाबतीत या स्थलांतरापूर्वीचे गाव असते, तर काहींच्या बाबतीत त्यानंतर दोन-तीनशे वर्षे जेथे घर होते ते गाव. ही दोन गावे निराळी असू शकतात, हे शोध घेणाऱ्याने आरंभीच ध्यानात घ्यावे. कोणत्या गावाचा शोध चालला आहे हे न ठरविता नकाशा पाहू लागले की गोंधळ होतो.

स्थलदर्शक नकाशा, ज्यास व्यवहारात टोपोशीट म्हणतात, हा राजकीय नकाशाहून वेगळा असतो. त्यात जमिनीचा उंचसखलपणा, ओढे, वाटा, विहिरी, वस्त्या, देवळे, झाडी अशी प्रत्यक्ष भूमीवरील स्थिती नोंदलेली असते. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ मध्ये झाली. विसाव्या शतकाच्या आरंभापासून या विभागाने एक मैलास एक इंच या प्रमाणाची पत्रके पद्धतशीरपणे काढली. मेट्रिक पद्धत आल्यावर पन्नास हजारास एक हे प्रमाण रूढ झाले, म्हणजे नकाशावरील दोन सेंटिमीटर म्हणजे भूमीवरील एक किलोमीटर. बेळगाव, खानापूर, कारवार व सावंतवाडी या भागांची इंग्रजी अमदानीतील इंची पत्रके आढळतात. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे असल्यामुळे येथील तपशीलवार पत्रके म्हणून आपल्याला मुख्यतः मुक्तीनंतर झालेल्या सर्वेक्षणाचीच हाताशी मिळतात. ती जेमतेम साठ वर्षांची असली तरी आमच्या कामास 'जुनी'च आहेत, कारण खाणी, धरणे, महामार्ग व वसाहती यांनी गोव्याचे रूप पालटले ते बरेचसे त्यानंतर.

पत्रकांचे क्रमांक प्रथमदर्शनी कोड्यासारखे वाटतात, परंतु त्यांची रचना सरळ आहे. देशाचे चार अंश लांबीरुंदीचे चौकोन पाडून प्रत्येकास अंक दिला आहे. गोव्याचा अंक ४८. या चौकोनाचे एकेक अंशाचे सोळा भाग, त्यांस रोमन लिपीतील 'ए' ते 'पी' ही अक्षरे. त्यातील प्रत्येकाचे पुन्हा पंधरा मिनिटांचे सोळा भाग, त्यांस १ ते १६ हे अंक. अक्षरे व अंक दोन्ही वरून खाली मोजावयाचे, एक रांग संपली की उजवीकडील रांगेस लागावयाचे. सावंतवाडी ४८ ई मध्ये येते, बेळगाव-खानापूरकडचा भाग ४८ आय मध्ये आणि कारवार ४८ जे मध्ये. गोवा मुख्यतः ४८ ई व ४८ आय यांत विभागला आहे आणि काणकोणचे दक्षिण टोक ४८ जे/१ वर जाते.

येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. ४८ ई/१५ हे एकच पत्रक टेबलावर पसरले तर त्यावर झुआरी नदीच्या, म्हणजे जुन्या अघनाशिनीच्या, अलीकडे कुठ्ठाळी, केळशी, वेर्णे व लोटली दिसतात आणि पलीकडे मंगेशी, म्हार्दोळ, कवळे व बांदोडे. स्थलांतर म्हटले की आपल्या मनात दूरच्या प्रवासाचे चित्र उभे राहते. नकाशावर ते वीतभरसुद्धा भरत नाही. मध्ये नदी आहे, एवढेच. परंतु त्या काळी त्या पाण्याच्या एका काठावर एक राज्य होते आणि दुसऱ्या काठावर दुसरे, हे तो निळा पट्टा पाहिल्यावर जसे कळते तसे वाचून कळत नाही. कार्यालयात आलेल्या लहान मुलांना आम्ही प्रथम हेच दाखवितो.

पत्रके कोठे मिळतात, हा पुढचा प्रश्न. समुद्रकिनाऱ्यापासून ऐंशी किलोमीटरांच्या पट्ट्यातील टोपोशीट पूर्वी निर्बंधित असत, आणि सारा गोवा त्या पट्ट्यात मोडत असल्यामुळे सामान्य माणसास ती मिळणे कठीण होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने खुली मालिका वेगळी काढली. ही पत्रके आता सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवून घेता येतात. तेथे क्रमांक बदलला आहे हे लक्षात ठेवावे : ४८ ई/१५ चे डी ४३ बी १५ झाले आणि ४८ आय/४ चे डी ४३ सी ४. खुल्या मालिकेत नवी माहिती भरलेली असल्याने जुनी स्थिती पाहण्यासाठी ग्रंथालये, महाविद्यालयांचे भूगोल विभाग किंवा एखाद्या निवृत्त अभियंत्याचे कपाट हेच आश्रयस्थान. अमेरिकेच्या लष्करी नकाशा विभागाने १९५० च्या दशकात भारताची अडीच लाखास एक या प्रमाणाची मालिका काढली होती. तिचा क्रमांक यू ५०२ असून टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ती सर्वांस खुली ठेवली आहे. त्यात वाडा दिसणार नाही, परंतु धरणांपूर्वीच्या नद्या, घाटवाटा व गावांची नावे दिसतात. पोर्तुगीज काळातील नकाशे लिस्बन येथील राष्ट्रीय ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात पाहता येतात.

पोर्तुगीज किंवा त्यावरून केलेले नकाशे वाचताना रोमन लिपीची एक अडचण येते. पोर्तुगीज लेखनात 'श' साठी बहुधा 'एक्स' हे अक्षर येते, म्हणून शेल्डे हे गाव 'एक्स' मध्ये शोधावे लागते. 'के' हा उच्चार 'क्यू'ने लिहितात. केपे, केळशी व केरी ही तिन्ही 'क्यू'मध्ये आहेत. नावाच्या अखेरीस येणारा 'एम' हा 'म' नसून अनुस्वार आहे. ज्यांनी इंग्रजी पद्धतीने वाचून 'आमचे गाव नकाशात नाहीच' असे कळविले, त्यांतील बऱ्याच जणांचे गाव त्यांच्या बोटाखालीच होते.

गावाच्या नावापेक्षा मोठा घोटाळा एकाच नावाच्या अनेक गावांचा. शिरोडे फोंडा तालुक्यात आहे आणि शिरोडा वेंगुर्ले तालुक्यातही आहे, जेथे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. केरी नावाची गावे तर गोव्यातच तीन : फोंड्यात, सत्तरीत व पेडण्यात. आडनावावरून यांत निवड करता येत नाही. या बाबतीत आमच्या हातून झालेली एक चूक येथे नमूद करणे योग्य होईल. काही वर्षांपूर्वी परगावच्या एका कुटुंबास, त्यांच्या वहीतील 'केरी' हे नाव पाहून, आम्ही फोंडा तालुक्यातील केरी सांगितले. अंत्रूजातील देव, तेव्हा अंत्रूजातील केरी, असा आमचा सोपा तर्क. ते कुटुंब तेथे गेले, नारळ ठेवून आले, आणि पूर्वजांच्या स्मरणार्थ तेथे घुमटी बांधण्याचे त्यांनी ठरविले. रक्कमही गोळा झाली. सुदैवाने त्यांच्या घरातील एक वृद्ध आत्याबाई पुढच्या जत्रेस आल्या. त्या म्हणाल्या, "आमचे आजोबा मीठ घेऊन बैलांबरोबर घाट चढायचे. सकाळी घरातून निघून उजाडता उजाडता घाटाला लागायचे." आम्ही नकाशा काढला. फोंड्याच्या केरीजवळ असा घाट नाही. पेडण्याची केरी तेरेखोल नदीच्या मुखाशी, समुद्रकाठी. सत्तरीची केरी मात्र चोर्ला घाटाच्या अगदी पायथ्याशी. पुढे सत्तरीतील केरीत चौकशी केल्यावर जुन्या घराण्याची ओळख पटली आणि घुमटीचा बेत योग्य ठिकाणी गेला. तेव्हापासून आम्ही नावावरून गाव सांगत नाही. प्रथम घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीस, विशेषतः स्त्रियांस, वाटेविषयी विचारतो. पाणी कोठून आणायचे, बाजार कोठे भरायचा, बाजाराला जाताना नदी ओलांडावी लागे की डोंगर, सूर्य कोणत्या बाजूने उगवताना दिसे. या चार उत्तरांनी एकाच नावाच्या तीन गावांपैकी दोन बहुधा गळून पडतात.

आता पत्रक वाचण्याविषयी. रंगांचा अर्थ ठरलेला आहे. पाणी निळे, समोच्च रेषा तपकिरी, झाडी हिरवी, लागवडीची जमीन पिवळी, वस्ती व रस्ते लाल, नावे काळी. कोरड्या ओढ्याचे पात्र काळ्या रेषेने दाखवितात, म्हणून 'बारमाही व्हाळ' असे आजी म्हणत असेल तर निळी रेषा शोधावी. पत्रकाच्या तळाशी खुणांची सूची असते. ती वाचण्याचा कंटाळा करू नये. वसलेले गाव व ओसाड गाव यांच्या खुणा वेगळ्या आहेत, तसेच गाडीवाट, लादलेल्या बैलांची वाट व पायवाट यांच्याही. देऊळ, चर्च, मशीद, थडगे, तळे, बांधलेली व कच्ची विहीर, तर, या सर्वांस खुणा आहेत. पत्रकाच्या कडेला सर्वेक्षणाचे वर्ष छापलेले असते. छपाईचे वर्ष त्याहून बरेच नंतरचे असू शकते. ज्या स्थितीचा नकाशा आहे ते वर्ष सर्वेक्षणाचे, हे विसरू नये.

समोच्च रेषांची पुष्कळांस भीती वाटते, परंतु गोव्याच्या किनारी भागात त्या फार बोलक्या आहेत. येथील जुन्या गावाची रचना बहुतेक ठिकाणी एकसारखी आढळते. सर्वांत खाली नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली खाजन शेते आणि त्या बांधातील पाण्याची दारे, म्हणजे मानशी. सर्वांत वर जांभ्या दगडाचा सडा, उघडा व कोरडा. या दोहोंच्या मध्ये, डोंगराच्या पायथ्याशी, जेथे झर फुटते त्या अरुंद पट्ट्यात वस्ती, माडांची भाटे आणि देऊळ. खाजनात घर बांधीत नसत, कारण पाणी शिरण्याचे भय. सड्यावर बांधीत नसत, कारण पाणीच नाही. त्यामुळे नकाशावर खालची पहिली समोच्च रेषा बोटाने धरून चालत गेले तर जुने वाडे एकामागून एक त्या रेषेलगत लागतात. वास्को, मडगाव व म्हापसा यांच्या परिसरात आज सड्यावर घरे झाली आहेत आणि खाजनेही भरली गेली आहेत. नव्या नकाशात हा पट्टा ओळखू येत नाही, जुन्यात तो स्पष्ट असतो. 'घरासमोर शेत, मागे डोंगर' ही प्रत्येक घराण्यात सांगितली जाणारी खूण ऐकून आम्ही पूर्वी हसत असू, कारण ती सर्वच घरांना लागू पडते. परंतु शेत कोणत्या दिशेस आणि डोंगर कोणत्या दिशेस एवढे जरी कळले तरी नदीचा कोणता काठ हे निश्चित होते.

कुलवृत्तान्त प्रसिद्ध झालेल्या घराण्यांस आणखी एक उपाय सांगतो. वंशावळीत सुनांची माहेरे दिलेली असतात. पत्रकाच्या झेरॉक्स प्रतीवर प्रत्येक माहेराच्या गावी एक ठिपका द्यावा, पिढीनुसार निराळ्या रंगाचा. रेल्वे व मोटारी येण्यापूर्वी सोयरीक पायी किंवा होडीने जाता येईल अशा अंतरावर होत असे. त्यामुळे ठिपक्यांचा पुंजका ज्या तरीभोवती किंवा खिंडीभोवती जमतो, त्याच्या आसपास त्या पिढीचे घर असण्याचा संभव फार. पिढीगणिक हा पुंजका सरकताना दिसला तर कुटुंब कोणत्या वाटेने बाहेर पडले तेही दिसते. वंशावळीत केवळ नाव म्हणून उरलेल्या, कित्येकदा तेही बदलून गेलेल्या या स्त्रियांकडूनच घराण्याचा ठावठिकाणा मिळावा, यात आम्हांस तरी आश्चर्य वाटत नाही.

जेथे भूमीच नाहीशी झाली आहे तेथे मात्र जुन्या नकाशावाचून गत्यंतर नाही. सांगे तालुक्यातील कुर्डी हे त्याचे उदाहरण. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे हे गाव. साळावली धरणासाठी ते बुडणार हे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी स्वतः येऊन गावकऱ्यांस सांगितले होते. सहाशेहून अधिक कुटुंबांचे वाडे व वालकिणी येथे पुनर्वसन झाले आणि १९८६ च्या सुमारास गाव पाण्याखाली गेले. कदंबकालीन महादेवाचे देऊळ पुरातत्त्व खात्याने दगड दगड सुटा करून सुमारे सतरा किलोमीटर अंतरावर पुन्हा उभारले. तेथील मातृदेवीचे पाषाणशिल्प वेर्ण्यास महालसेच्या जुन्या स्थानाजवळ नेण्यात आले. दरवर्षी मे महिन्यात पाणी ओसरले की गाव वर येते. जोती, विहिरींचे कठडे, झाडांचे बुंधे, आणि सोमेश्वराचे देऊळ. विखुरलेले गावकरी त्या दिवसांत एकत्र येऊन उत्सव करतात, ख्रिस्ती मंडळीही आपल्या कपेलाचे फेस्त तेथे करतात.

कुर्डीचे स्थान ४८ आय/४ या पत्रकात पडते. आमच्या एका कुळावी कुटुंबातील आजी लग्नापूर्वी कुर्डीच्या. पाणी ओसरलेल्या एका वर्षी त्यांच्या नातवंडांसमवेत आम्हीही गेलो होतो. नातवंडांकडे मोबाइलवर उपग्रहाचे चित्र होते, त्यात तांबूस चिखल व पाणी याखेरीज काही नव्हते. आजींना प्रथम काहीच ओळखू येईना, कारण झाडे नव्हती. आयुष्यभर ज्या गोष्टींवरून त्या दिशा ओळखीत आल्या होत्या त्या आंबा-फणसांनीच गाव झाकलेले होते आणि आता ते उघडे पडले होते. धरणापूर्वीच्या पत्रकाची झेरॉक्स सोबत होती. तिच्यावर देवळाची खूण होती, तेथून ओढ्याकडे उतरणारी पायवाट होती आणि ओढ्यापलीकडे लाल ठिपक्यांचा लहानसा पुंजका होता. देवळापासून ओढा मोजला, ओढ्यापासून पुंजका मोजला. त्या बाजूस चालू लागल्यावर आजी आपणहून पुढे झाल्या. एका जोत्याशी थांबून म्हणाल्या, "हें न्हय. ह्याच्या मागलें." मागचे जोते त्यांच्या माहेरचे होते. तुळशीवृंदावनाचा चौथरा शिल्लक होता. घर नकाशाने दाखविले नाही, ते आजींनी ओळखले. पन्नास हजारास एक या प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे पन्नास मीटर, तेथे घर दिसणार तरी कसे? नकाशाने त्यांना ओढ्यापलीकडे आणून सोडले, एवढेच. त्यानंतर दोन वर्षांनी त्या निवर्तल्या. नातवंडांनी त्या जोत्याचे अक्षांश-रेखांश टिपून पत्रकाच्या प्रतीवर लाल शाईने खूण केली आहे आणि ती प्रत आता देवस्थानच्या दप्तरात आहे.

अक्षांश-रेखांशांवरून आठवले. जुन्या भारतीय पत्रकांचा गणिती पाया एव्हरेस्टच्या १८३० च्या गोलाभाचा आहे, आजच्या मोबाइलमधील यंत्रणेचा निराळा. म्हणून जुन्या पत्रकावरून काढलेले अक्षांश-रेखांश जसेच्या तसे मोबाइलमध्ये घातले तर आपल्या भागात शंभर-दोनशे मीटरांचा फरक पडतो. मळ्यात जावयाचे ते भलत्याच्या कुळागरात पोहोचतो. आकडे घालण्यापेक्षा नकाशा व उपग्रहचित्र शेजारी ठेवून न बदलणाऱ्या खुणा, जसे नदीचे वळण, टेकडीचा माथा, दोन ओढ्यांचा संगम, जुळवून पाहाव्यात. इस्रोचे भुवन हे संकेतस्थळ त्यासाठी उपयोगी पडते.

नकाशातही चुका व उणिवा असतात. सर्वेक्षकाने नाव विचारले ते वाटेत भेटलेल्या माणसास, आणि ऐकले तसे लिहिले. मुख्य वाड्याचे नाव साऱ्या गावास दिले गेले, लहान वाड्यांची नावे गळाली. गावाच्या कडेला असलेल्या कष्टकरी समाजाच्या वस्त्या कित्येकदा नाव नसलेल्या ठिपक्यांच्या रूपानेच उरल्या आहेत. त्यांच्या वंशजांस नकाशा कमी साहाय्य करतो, आणि तेथे वृद्धांच्या सांगण्यावर अधिक विसंबावे लागते. राखणदाराचे स्थान, मांड, देवाची राय यांस सूचीत खूणच नाही. नकाशात देऊळ नाही म्हणून गावात देव नव्हता असे कोणी समजू नये. वाड्यांची व शेतांची बारीकसारीक नावे हवी असल्यास भूमापनाचे नकाशे व फॉर्म एक-चौदा पाहावेत. 'देऊळमळा', 'भटवाडा' यांसारखी नावे तेथे राहून गेलेली असतात. पणजी येथील पुराभिलेख संचालनालयात गावकारीची जुनी दप्तरे आहेत. गोकर्ण, नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यांच्या वह्यांत पूर्वजांनी स्वतः सांगितलेले गावाचे नाव मिळते. आमच्या मते प्रथम वही पाहावी, मग नकाशा, मग गाव. प्रत्यक्षात बहुतेक मंडळी उलट्या क्रमाने येतात, त्यालाही हरकत नाही.

एका बाबतीत मात्र स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. नकाशा दाखवून महाजन होता येत नाही. देवस्थानांच्या महाजनांची नोंद १८८६ च्या व त्यानंतर १९३३ च्या नियमावलीनुसार होत आली आहे आणि तेथे वंशाचा पुरावा लागतो. अमुक गावात आमच्या आडनावाचा वाडा होता, हे वंशाचा पुरावा ठरत नाही. त्याचप्रमाणे टोपोशीट ही जमिनीच्या मालकीचा दस्तऐवज नव्हे. पूर्वजांचे जोते सापडले म्हणून त्या जागेवर हक्क सांगण्यास गेलेल्या एका गृहस्थांमुळे त्या गावातील लोक पुढे कोणत्याच कुळाव्याशी मोकळेपणाने बोलेनासे झाले होते. तेथे आज राहणाऱ्या कुटुंबाच्या अंगणात आपण पाहुणे म्हणून जातो. अंगणात पाऊल टाकण्यापूर्वी हाक द्यावी, येण्याचे कारण सांगावे, आणि ते ख्रिस्ती कुटुंब असल्यास संकोच बाळगू नये. कित्येक ठिकाणी त्यांनाच जुन्या तळीची व देवळाच्या जागेची माहिती अधिक असते, आणि ती त्यांनी आम्हांस आपुलकीने दाखविलेली आहे.

देवस्थानच्या दप्तरात ४८ ई/१५, ४८ आय/३ व ४८ आय/४ या पत्रकांच्या प्रती पाहण्यासाठी ठेवल्या आहेत. त्या कार्यालयाबाहेर नेता येणार नाहीत. ट्रेसिंग कागदावर उतरवून घेण्यास मुभा आहे. ज्या कुळावी मंडळींकडे जुनी पत्रके, भूमापनाचे नकाशे अथवा गावाचा हाताने काढलेला आराखडा असेल त्यांनी मूळ प्रत न पाठविता झेरॉक्स द्यावी आणि मागे सर्वेक्षणाचे वर्ष लिहावे. घरातील वृद्धांनी सांगितलेल्या खुणा त्यांच्याच शब्दांत, कोंकणीत असल्यास कोंकणीत, लिहून आणाव्यात. कुर्डीस जाऊ इच्छिणाऱ्यांनी पाण्याची पातळी दरवर्षी वेगवेगळी असते हे ध्यानात घेऊन वाडे किंवा वालकिणी येथील मंडळींकडे आधी चौकशी करावी. पाऊस सुरू झाल्यावर जाऊ नये.